फाउंडेशन लावल्यावर चेहरा भुरकट, राखाडी का दिसतो? आणि त्यावर काय करायचं

लग्नसराई आली की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते. "ताई, लावताना छान दिसतं, तासाभरात चेहऱ्यावरची कळाच जाते." "तोंड वेगळं, मान वेगळी." "आरशात ठीक होते, फोटोत पांढरीफटक आले." मग बाटली बदलली जाते, आधीपेक्षा महाग घेतली जाते आणि पुढच्या लग्नात पुन्हा तेच.

हे दुखणं बाटली बदलून सहसा जात नाही. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवरचा मेकअप राखाडी दिसतो तेव्हा बहुतेक वेळा तपकिरी रंगावर कुठून तरी जास्तीचा पांढरा येऊन बसलेला असतो. तो फाउंडेशनमधून आला असेल, पावडरमधून, सनस्क्रीनमधून, नाहीतर "एक शेड उजळ घे, छान दिसेल" या सल्ल्यातून. तो कुठून येतोय हे आधी शोधा, खर्च नंतर.

शोधायची खूण म्हणजे वेळ. चेहरा नेमका कधी भुरकट होतो? फाउंडेशन पसरल्या पसरल्या होत असेल तर शेड चुकलीय. पावडर लावल्यावर होत असेल तर पावडर. तासा-दोन तासांनी होत असेल तर तेल, घाम आणि खालचे थर. आरशात नीट आणि फक्त फोटोत पांढरं असेल तर फ्लॅश. आणि एका विशिष्ट हॉलमध्येच असं होत असेल तर त्याच दिव्याखाली स्वतःचा तळहात बघा. हातही निस्तेज, हिरवट-राखाडी दिसत असेल तर मेकअपला हात लावू नका, दोष दिव्यांचा आहे. स्वस्त पांढऱ्या एलईडी ट्यूबच्या प्रकाशात लाल रंग नीट उठत नाही, त्यामुळे कुणाचाही चेहरा उतरलेला दिसतो.

शेड: सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण

फाउंडेशनच्या बाटलीत रंग मुख्यतः चार असतात. टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा आणि लोहाच्या ऑक्साइडचे पिवळा, लाल, काळा. त्यांचं प्रमाण बदलून सगळ्या शेड बनतात. शेड जितकी उजळ तितका त्यात पांढरा जास्त. हा पांढऱ्याचा पातळ थर गडद त्वचेवर पसरला की खालचा तपकिरी त्यातून दिसत राहतो आणि दोन्ही मिळून निळसर राखाडी छटा येते. म्हणजे एक शेड उजळ घेतल्यानं माणूस उजळ दिसत नाही, आजारी दिसतो. हे मी इतक्या नवऱ्यामुलींच्या आयांना समजावलंय, आणि पुढेही समजावत राहणार आहे, कारण मुलीच्या लग्नाचे फोटो आयुष्यभर राहतात आणि त्यात तिचा स्वतःचा रंग असायला हवा.

दुसरी गोष्ट अंडरटोनची, म्हणजे त्वचेच्या खालून डोकावणाऱ्या छटेची. आपल्याकडे बऱ्याच जणींची छटा पिवळसर, सोनेरी किंवा ऑलिव्ह म्हणजे किंचित हिरवट असते. त्यावर गुलाबी छटेचं फाउंडेशन बसलं तर गडदपणा अगदी बरोबर असूनही चेहरा जांभळट-राखाडी दिसतो. दुकानात "मीडियम", "बेज" एवढंच बघून घेतलं की हे हमखास होतं. पाकिटावरची अक्षरंही सगळीकडे एकाच अर्थानं नसतात. बहुतेक कंपन्यांत डब्ल्यू म्हणजे वॉर्म, पिवळसर. पण मॅकच्या एनसी शेड पिवळ्या छटेच्या आणि एनडब्ल्यू गुलाबी छटेच्या असतात, नेमकं उलट वाटावं असं. त्यामुळे अक्षरावर विसंबू नका, बाटलीतला रंग बघा.

मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या यावरून अंडरटोन ठरवायची पद्धत खूप सांगितली जाते. सावळ्या त्वचेवर ती मला भरवशाची वाटत नाही. शिरा धड दिसतच नाहीत, आणि दिसल्या तरी हाताचा रंग चेहऱ्याचा नसतो. त्यापेक्षा पुढची पद्धत वापरा.

चेहरा धुऊन, काहीही न लावता दुकानात जा. जबड्याच्या कडेला, जिथे गाल संपून मान सुरू होते तिथे, तीन शेडच्या तीन उभ्या रेघा ओढा: तुम्हाला वाटते ती, तिच्याहून थोडी गडद आणि तिच्याहून थोडी पिवळी. बोटानं हलकंसं पसरवा आणि दुकानाबाहेर पडा. उन्हात नको, सावलीतल्या उजेडात उभं राहून बघा. जी रेघ शोधावी लागते ती तुमची शेड. मग लगेच विकत घेऊ नका. अर्धा तास बाजारात फिरा, दुसरी कामं उरका आणि पुन्हा बघा, कारण चेहऱ्यावरचं तेल मिसळल्यावर रंग बदलतो. हातावर, मनगटावर लावून बघण्यात काही अर्थ नाही.

तोंड आणि मान यांचा रंग वेगळा असेल तर? आपल्याकडे हे अगदी सर्रास आहे. कपाळ, ओठांभोवतीचा भाग आणि चेहऱ्याची कड गडद, गाल उजळ, मान तिसरीच. अशा वेळी एका बाटलीत काम होत नाही. चेहऱ्याच्या मध्यावर एक शेड आणि कडेला, कपाळावर, जबड्याखाली त्याहून गडद शेड लागते. खोल गळ्याचा ब्लाऊज असेल तर चेहरा छातीच्या रंगाशी जुळवा, कारण फोटोत तोच शेजारी दिसणार आहे. गालाशी जुळवून घेतलेली शेड सगळ्या चेहऱ्यावर ओढली की कपाळ हमखास राखाडी पडतं.

घरात आधीच गुलाबी किंवा उजळ बाटली असेल तर ती टाकून देऊ नका. त्याच कंपनीची, त्याच प्रकारची गडद पिवळसर शेड लहान आकारात मिळाली तर तळहातावर थेंब-थेंब मिसळून रंग जुळवता येतो.

डोळ्यांखालची वर्तुळं आणि वांग

गडद डाग झाकायला लोक उजळ कन्सीलर लावतात. तपकिरी-निळसर डागावर उजळ बेज लावला की राखाडीच होणार, वर लिहिलेलंच गणित आहे. दोन थर लावा, तीन लावा, तो आणखी घट्ट राखाडी होत जातो. इथे आधी रंगाला रंगानं काटायचं असतं. गव्हाळ त्वचेवर पीच, सावळ्या त्वचेवर नारिंगी, आणखी गडद त्वचेवर विटकरीकडे झुकणारा नारिंगी करेक्टर. फक्त डागावर, अनामिकेनं टिपून, अगदी पातळ. कडा विरघळवा, मिनिटभर बसू द्या आणि त्यावर त्वचेच्याच रंगाचं फाउंडेशन दाबत लावा. घासलं तर खालचा नारिंगी वर येतो.

करेक्टरऐवजी लाल लिपस्टिक वापरायचे व्हिडिओ फिरतात. नका करू. लिपस्टिकमधले काही रंग डोळ्यांभोवती वापरण्यासाठी नसतातच, आणि ती कातडी फार नाजूक असते.

वांग पसरत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय "गोरं होण्याचं" क्रीम आणून लावू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ उठतं आणि मग तिच्यावर कुठलंच फाउंडेशन नीट बसत नाही. वांग असणाऱ्यांनी रोजच्यासाठी रंग असलेलं सनस्क्रीन घ्यावं. त्यातलं लोहाचं ऑक्साइड डाग झाकतं आणि वांग वाढवणारा दृश्य प्रकाशही अडवतं. साध्या झिंक ऑक्साइडच्या सनस्क्रीनची पांढरट झाक मात्र फाउंडेशनच्या खालूनही दिसते, हे पहिल्या पायरीलाच तपासा: नुसतं सनस्क्रीन लावून खिडकीपाशी उभं राहा.

तासाभरानं रंग का बदलतो

सगळे म्हणतात "ऑक्सिडाइज झालं". पण लोहाचे रंग आधीच ऑक्साइड असतात. बहुतेक वेळा घडतं ते एवढंच, की फाउंडेशनमधलं पाणी आणि उडून जाणारे द्रव उडून जातात, आणि उरलेल्या रंगात चेहऱ्याचं तेल आणि घाम मुरतो. कोरडी लाल माती पहिल्या सरीनं गडद होते तसा तो गडद होतो. गडद झालेल्या या थरावर मग आपण घाईघाईनं पांढरट कॉम्पॅक्ट दाबतो आणि राखाडीपणा येतो तो तिथून.

यावर "गडद होणारच आहे, म्हणून आधीच उजळ घेऊ" हा उपाय चुकीचा आहे, कारण चेहरा सगळीकडे सारखा तेलकट नसतो. नाकाजवळ गडद, गालांवर पांढरट असे पट्टे पडतात. उपाय थरांत आहे. मॉइश्चरायझर लावून पाच-दहा मिनिटं थांबा, वर राहिलेलं टिश्यूनं टिपून घ्या. सनस्क्रीनलाही तेवढाच वेळ द्या. मग फाउंडेशन, आणि तेही जितकं वाटतं त्याच्या निम्मं. सगळ्या चेहऱ्याला एक-दोन वाटाण्यांएवढं पुरतं. मध्यापासून बाहेर नेत जा आणि जिथे गरज आहे तिथेच दुसरा हात द्या.

चोळताना मळाच्या वळ्या निघाल्यासारखं होत असेल तर खालचं आणि वरचं जुळत नाहीये. प्रायमर (फाउंडेशनच्या आधी लावतात तो थर) किंवा फाउंडेशनच्या घटकांत पहिल्या चार-पाच नावांत डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन असं काही असेल तर ते सिलिकॉनचं. सिलिकॉनवर सिलिकॉन, पाण्याच्यावर पाण्याचं, असं ठेवलं की बरेचदा सुटतं. नाही सुटलं तर प्रायमर सरळ वगळा. त्याच्यावाचून काही अडत नाही.

स्पंज ओला करून, घट्ट पिळून वापरा. कोरडा स्पंज फाउंडेशन पिऊन टाकतो आणि चेहऱ्यावर पट्टे ठेवतो. तो दर वापरानंतर धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा. दमट हवेत डबीत बंद ठेवलेल्या ओल्या स्पंजला बुरशी धरते.

पावडर: इथे सगळ्यात जास्त बिघडतं

आपल्या घरांत स्नो-पावडरची सवय फार जुनी आहे. ई. एस. पाटणवाला यांनी मुंबईत १९१९ साली अफगाण स्नो आणला, आणि लॅक्मे टाटांनी सुरू केली ती १९५२ साली. स्नो म्हणजे स्टिअरिक आम्लाचं, चेहऱ्यावर विरून जाणारं क्रीम. त्यानं तेलकटपणा लपायचा आणि वरची पावडर धरून राहायची. कित्येक पिढ्यांच्या बायका एवढ्यावर नीटनेटक्या, सुंदर तयार झाल्या. पण स्नोवर लावायची पांढरी पावडर आणि फाउंडेशनवर लावायची पावडर यांची कामं वेगळी आहेत. फाउंडेशनमध्ये रंग आधीच आहे, पावडरनं तो फक्त बसवायचाय. तिथे आजी किंवा मावशी प्रेमानं "वरून जरा पावडर फिरव" म्हणून टाल्कचा डबा पुढे करतात, आणि तासभर जुळवलेला रंग एका हातात पांढरा होतो. त्यांना नाही म्हणायचं नसेल तर मानेमागे, पाठीला लावून घ्या, तिथे घामाला ती चांगलीच असते.

"ट्रान्सल्युसंट" असं लिहिलेली डबीतली पांढरी पावडर गोऱ्या त्वचेवर दिसत नाही. सावळ्या त्वचेवर ती दिसते. तुमच्या त्वचेच्या रंगाची किंवा पिवळसर छटेची लूज पावडर घ्या. बनाना पावडर म्हणतात ती गव्हाळ रंगाला चालते. फार सावळ्या रंगावर तीही फिकट पडते, तिथे मधाच्या किंवा सोनेरी-तपकिरी छटेची लागते. कॉम्पॅक्ट घेताना फाउंडेशनपेक्षा उजळ कधीच घेऊ नका. बरोबरीची किंवा किंचित गडद.

लावायची रीत: पफवर थोडी घ्या, पफ दुमडून आपल्यातच चोळा म्हणजे पावडर आत जाईल, जास्तीची झटका, आणि चेहऱ्यावर दाबत लावा. घासू नका. नाकाच्या बाजू, कपाळाचा मध्य, हनुवटी, डोळ्यांखाली नखभर. गाल सोडून द्या. डोळ्यांखाली पावडरचा ढीग ठेवून दहा मिनिटांनी झटकायची पद्धत, जिला बेकिंग म्हणतात, ती मी मेच्या उकाड्यात कुणालाच सुचवत नाही. घाम आला की तिला भेगा पडतात आणि पंचविशीतली मुलगी चाळिशीची दिसते.

चेहऱ्यावर लव असेल आणि ती आदल्या दिवशी ब्लीच केली असेल तर त्या सोनेरी केसांवर पावडर अडकून चेहरा जवळून पिठाळ दिसतो. ब्लीच, फेशियल, थ्रेडिंग जे काही करायचं ते आठवडाभर आधी उरका.

आणि घाम आल्यावर कॉम्पॅक्ट काढू नका. आधी टिपा, मग गरज वाटली तरच पावडर. तेल आणि घामावर बसलेली पावडर ओली होते, तिचे गोळे होतात आणि ते काढताना खालचं सगळं निघतं. टिपायला तेल शोषणारे कागद मिळतात. नसतील तर टिश्यूचा एकच पदर सुटा करून दाबा.

कोकणात आणि मुंबईत त्रास घामाचा. नागपूरला डिसेंबरात उलटं: कातडी कोरडी, तिचे पापुद्रे निघतात आणि पावडर त्या पापुद्र्यांवर पांढरी होऊन बसते. तिथे पावडर फक्त नाकापुरती, आणि आदल्या रात्री भरपूर मॉइश्चरायझर.

फक्त फोटोत पांढरं दिसत असेल तर

सिलिकाची बारीक पावडर, एचडी म्हणून विकली जाते ती, आणि टायटॅनियम, झिंक असलेली सनस्क्रीनं फ्लॅशचा प्रकाश उलटा फेकतात. डोळ्यांना काही दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. घरी खोलीतले दिवे घालवून, फोनमधले ब्यूटी फिल्टर बंद करून फ्लॅशवर फोटो काढा. डोळ्यांखाली किंवा नाकावर पांढरा डाग आला तर ती पावडर लग्नाला नको. फोनचा फ्लॅश छायाचित्रकाराच्या फ्लॅशहून कमजोर असतो, तेव्हा फोनवर थोडं दिसलं तर तिथे जास्त दिसणार.

नवरीसाठी खास: हळद

हे कुठल्याच परदेशी व्हिडिओत सापडणार नाही. ट्रायलच्या, म्हणजे लग्नाआधी मेकअप करून बघायच्या दिवशी जुळवलेली शेड लग्नाच्या सकाळी जुळत नाही, कारण मध्ये हळद लागलेली असते. हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. त्यामुळे पाण्यानं कितीही धुतलं तरी केसांच्या रेषेत, भुवयांत, कानामागे पिवळं राहतं. साबण तर मुळीच नको. कर्क्युमिन अल्कलीत लालसर होतं. हळदीत चुना घालून कुंकू बनवतात ते याच गुणानं. साबणानं खसाखसा घासलेला चेहरा लालसर आणि चुरचुरता होतो, वर पिवळेपणा तसाच.

हळद उतरवायला खोबरेल तेल बोटांनी हलकं फिरवा, दोन मिनिटांनी मऊ कापडानं टिपून घ्या, पुन्हा एकदा तेच करा आणि शेवटी सौम्य फेसवॉश. राहिलेली छटा उजेडात एक-दोन दिवसांत आपोआप उतरते. हळद आणि लग्न एकाच दिवशी असेल तर मेकअप करणाऱ्या बाईंना आधी सांगा. त्या एक पिवळसर शेड जास्तीची आणतील आणि रंग त्या सकाळी पुन्हा जुळवतील. गुलाबी छटेचं फाउंडेशन पिवळ्या मानेशेजारी जितकं वाईट दिसतं तितकं एरवी कधीच दिसत नाही.

होमापाशी बसल्यावर धग आणि धूर दोन्ही थेट चेहऱ्यावर येतात, आणि मुंडावळ्या कपाळाला, गालांना घासत राहतात. करवलीच्या हातात टिश्यू द्या. मुंडावळ्या जराशा उचलून खाली दाबायचं, पुसायचं नाही. लाजाहोम, सप्तपदी उरकेपर्यंत पावडरचा विषय नको.

ऐन कार्यक्रमात राखाडी पडलं तर

पहिलं म्हणजे पावडर बंद. टिश्यूनं तेल टिपा. स्पंजवर थोडं पाणी किंवा सेटिंग स्प्रे घेऊन सगळ्या चेहऱ्यावर दाबत जा, वर बसलेली कोरडी पावडर त्यात विरते. मग रंग परत आणा. फाउंडेशन चेहऱ्याचा स्वतःचा लालिमाही झाकतं, आणि एकाच रंगाचा सपाट चेहरा निर्जीव दिसतो. ब्लश इथे शोभेचं नाही, दुरुस्तीचं काम करतो. सावळ्या रंगावर विटकरी, गडद गुलाब, मातकट नारिंगी. फिक्का बेबी पिंक नको, त्यातही पांढरा असतो. ब्लश नसेल तर तशाच रंगाची लिपस्टिक बोटावर घेऊन गालावर टिपा, मात्र डोळ्यांपासून दूर. कपाळाच्या कडेला आणि जबड्याखाली गडद कॉम्पॅक्ट किंवा ब्राँझर हलका फिरवला की तोंड आणि मान जुळतात.

रोज लोकलनं ऑफिसला जाणाऱ्या मैत्रिणींनी मात्र एवढा व्याप करू नये. रंगाचं सनस्क्रीन, डागावर थोडं करेक्टर, नाकावर चिमूटभर पावडर. बाटलीवरच्या एसपीएफच्या भरवशावर फाउंडेशनलाच सनस्क्रीन समजू नका. तो आकडा चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन मोजतात, आणि तेवढं फाउंडेशन कुणीच लावत नाही.

ट्रायलला जाताना लग्नातल्या ब्लाऊजच्या गळ्याचं काहीतरी घाला आणि घरून तोंडाला काही लावून जाऊ नका. झाल्यावर लगेच धुऊ नका, निदान चार तास तसंच राहू द्या, स्वयंपाक करा, जिने चढा, घाम येऊ द्या. मग खिडकीपाशी एक, ट्यूबखाली एक आणि फ्लॅशवर एक असे तीन फोटो काढून मेकअप करणाऱ्या बाईंना त्याच दिवशी पाठवा, म्हणजे शेड बदलायला त्यांच्या हातात वेळ राहतो.